चार दिवसांचा आराम आणि त्याचा हिशेब

(अंबाजोगाई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)



विषय ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. समुद्रकाठचं आलिशान रिसॉर्ट, आणि बोलायचं बीड जिल्ह्यात! इथून समुद्र गाठायचा तर निम्मा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. मे महिन्यात टँकरपुढं घागरींची रांग लावणाऱ्या गावात लाटांच्या गोष्टी कशाला, असं कुणालाही वाटेल.

पण आपलीच लेकरं आता पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली आहेत. हातात चार पैसे आले की त्यांना वाटतं, आई-बापाला एकदा चांगल्या ठिकाणी न्यावं. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतली सात-आठ घरं अशी जाऊन आली. परत आल्यावर बोलणं दोनच प्रकारचं. एक, 'काय सांगू गुरुजी, स्वर्ग होता.' दुसरा, 'नुसती लूट आहे हो, दोनशे रुपयांचा चहा!' स्वर्ग आणि लूट यांच्या मधलं कुणी काही सांगत नाही. ते सांगावं म्हणून उभा आहे.

मी तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. पुस्तकाचं परीक्षण कसं करायचं हे पोरांना सांगताना तीन प्रश्न द्यायचो. लेखकाला काय करायचं होतं? त्यातलं किती जमलं? आणि ते जमवताना त्यानं काय बाहेर ठेवलं? हेच तीन प्रश्न आज आपण रिसॉर्टला विचारू.

आधी माझी हकिगत. डिसेंबरात मुलानं आम्हा दोघांना गोव्याला नेलं, दक्षिणेच्या किनाऱ्यावर. चार दिवस. रिसॉर्टचं नाव सांगणार नाही, माझं त्या एका नावाशी भांडण नाही. एका रात्रीचं भाडं मुलानं सांगितलं नाही, पण मी काउंटरवरचा कागद वाचला. मी १९८३ साली नोकरीला लागलो, तेव्हाचा माझा वर्षाचा पगार त्या एका रात्रीत बसत होता. हे ऐकून माझी पहिल्या रात्रीची झोप उडाली. म्हणजे ज्यासाठी पैसे भरले, तेच पहिल्या दिवशी मिळालं नाही! (हशा)

आता पहिला प्रश्न. रिसॉर्टला काय करायचं असतं?

धर्मशाळा, लॉज, हॉटेल ही प्रवासाची सोय असते. कुठं तरी जायचंय, वाटेत रात्र काढायची. रिसॉर्टचं तसं नाही. तिथं रिसॉर्टलाच जायचं असतं. आपल्याकडं ही कल्पना तशी नवी. केरळात कोवळमला सरकारनं किनाऱ्यावर हॉटेल बांधलं, त्याचं काम १९६९ ते १९७४ या काळातलं. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. त्याच सुमारास, १९७४ साली, गोव्यात आग्वादच्या किल्ल्याला लागून ताज समूहाचं रिसॉर्ट सुरू झालं. १९८३ साली राष्ट्रकुल देशांचे प्रमुख गोव्यात विश्रांतीसाठी आले, तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी तिथं वेगळे बंगले बांधले गेले. गोव्याचा किनारा जगाच्या नकाशावर गेला तो असा. आधी हिप्पी लोक झोपड्यांतून राहिले, मग पंतप्रधान बंगल्यांतून राहिले, आणि आता आपण हप्त्यांवर राहतो.

या सगळ्यांना विकायचं काय होतं? समुद्र नव्हे. समुद्र फुकट आहे, एस.टी.नं गणपतीपुळ्याला गेलं तरी दिसतो. यांना विकायची होती विश्रांती. आणि माझा पहिला निष्कर्ष असा की, हा माल खरा आहे. खोटा नाही.

हे मला माझ्या घरच्यांकडं बघून कळलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षांत ही माऊली पहाटे पाचला उठली नाही असा दिवस मी पाहिला नाही. सासू-सासऱ्यांचं केलं, तीन लेकरांचं केलं, माझं तर चालूच आहे. तिथं पहिल्या दिवशी पाचला उठून बसली. करायला काही नाही. स्वयंपाकघर नाही, झाडू नाही, पाणी भरायचं नाही. तासभर नुसती बसली. मला म्हणाली, 'अहो, मला भ्यायल्यासारखं होतंय.' दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठली. तिसऱ्या दिवशी आठ वाजले. मी दोनदा हात लावून पाहिला, बरं आहे ना म्हणून. (हशा) हसू नका. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. माणूस किती थकलेलं असतं, हे ते थांबल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट बायकांचीच. सार्वजनिक किनाऱ्यावर पुरुष काय करतात तुम्हाला माहीत आहे. पाण्यात उतरलेल्या बाईकडं टोळक्यानं बघत उभे राहतात, मोबाईल काढतात. रिसॉर्टसमोरच्या वाळूवर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. हिनं लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं आणि लाटेत उभी राहिली, अर्धा तास. शेजारी पोहण्याच्या कपड्यातल्या मुली होत्या, त्यांनाही कुणी त्रास दिला नाही. आपण म्हणू की हे स्वातंत्र्य पैसे देऊन घेतलेलं आहे. आहेच. पण आपल्या रस्त्यावर ते फुकट मिळत असतं, तर ते विकत घ्यायची वेळ कुणावर आली असती का? रिसॉर्टची ही जमेची बाजू म्हणजे आपल्यावरची टीका आहे.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्यांची. पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री वाटेवर दिवे. आपल्याकडच्या किती तीर्थक्षेत्रांत ही काळजी घेतलेली असते? योगेश्वरीच्या गावात बसून विचारतो आहे, मनावर घ्या.

म्हणजे जे करायचं होतं, ते चांगलं जमलं. इथपर्यंत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो.

आता तिसरा प्रश्न, अवघड. हे जमवताना बाहेर काय ठेवलं?

पहिलं बाहेर ठेवलं ते काम. काम होत नव्हतं असं नाही, दिसत नव्हतं. आम्ही नाष्ट्याला गेलो की खोली आपोआप झाडलेली. चादर बदललेली. हिला ते सहन होईना. आपलं अंथरूण दुसऱ्यानं काढायचं म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी हिनं सगळं आवरून ठेवलं, चादरीच्या घड्या करून. खोली आवरणारा पोरगा आला. झारखंडकडचा, विशीतला. तो हिंदीत फार अदबीनं म्हणाला, 'माताजी, तुम्ही असं करू नका. साहेबांना वाटेल मी खोलीत आलोच नाही.' ही गप्प झाली. मदत करायला गेली, तर त्याच्या नोकरीवर यायची पाळी.

तिथं जाताना आम्ही कोल्हापूरकडून गेलो होतो. डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या, शेतांच्या कडेला कोप्या. त्यातल्या कोणत्या तरी कोपीत धारूरची, वडवणीची, पाटोद्याची माणसं असणारच. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसं कोयता घेऊन जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली. मी कितीदा तरी त्या रस्त्यानं गेलो असेन, पण तो पोरगा तसं बोलला आणि मला त्या कोप्या आठवल्या. साखरेच्या वाटीत कोपी दिसत नाही. घडी घातलेल्या चादरीत झारखंड दिसत नाही. घर सोडून लांब जाऊन राबणारा माणूस जिथं जातो तिथं नजरेआड ठेवला जातो, हे बीडच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

दुसरं बाहेर ठेवलं ते पाणी. म्हणजे पाणी डोळ्यांपुढं भरपूर होतं. खोलीत माणूस निजेल एवढा टब, बाहेर निळा तलाव, हिरवळीवर दिवसभर फवारे. बाहेर ठेवलं होतं ते पाणी कुठून येतं हे. मी विचारलं. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, 'सर, चोवीस तास आहे.' मी विचारलं होतं कुठून; तिनं सांगितलं किती वेळ.

आपल्याला हा प्रश्न सुचतो, कारण आपण तो भोगलाय. २०१३ साली पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात मी भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरलंय. त्या टबाचा नळ मी सोडला आणि अर्ध्यातच बंद केला. मुलगा म्हणाला, 'बाबा, पैसे दिलेत.' पैसे दिले होते, कबूल. पण पैशानं पाणी तयार होत नाही, फक्त इकडचं तिकडं जातं. किनाऱ्यावर तर विहिरीचा उपसा फार झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. मग शेजारच्या गावातली विहीर मचूळ होते, आणि एकदा मचूळ झाली की लवकर सुधारत नाही.

आपल्या बीडजवळ खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. सलाबतखानानं बांधवली असं सांगतात. तिचं पाणी मोटेशिवाय, नुसत्या उतारानं, पाटातून शेतांकडं जातं. बांधणारा सरदारच होता, साधुसंत नव्हता. ऐषाराम त्यालाही कळत होता. पण त्याच्या पाण्याचा पाट भिंतीबाहेर, रानाकडं निघाला होता. श्रीमंतीची माझी कसोटी साधी आहे. तिचा पाट कुणीकडं जातो?

तिसरं बाहेर ठेवलं ते गाव. चार दिवसांत मी कोंकणीचा एक शब्द ऐकला नाही. जेवणात इटली होती, चीन होता, थायलंड होता. आणि ऐका, ज्वारीची भाकरी होती! वर पाटी, 'मिलेट कॉर्नर'. टोपीवाला आचारी तळहाताएवढ्या भाकऱ्या चिमट्यानं वाढत होता. आमच्या घरच्यांनी एक उचलली, मोडून पाहिली आणि म्हणाल्या, 'पीठ शिळं आहे, विरी गेली.' (हशा, टाळ्या) पण बाजूच्या गावात त्या दिवशी काय शिजलं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता गाव नुसतं नजरेआड ठेवतात, की प्रत्यक्ष बाहेर ठेवतात? इथं एक खटला सांगतो. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वायंगिणीचा किनारा आहे. तिथं 'सिदाद द गोवा' नावाचं हॉटेल. हेही चार्ल्स कोरियांनीच रचलेलं, १९८२ सालचं. वास्तू म्हणून नावाजलेली. नावाचा अर्थ 'गोव्याचं शहर'. भिंतींवर खिडक्या, माणसं, रस्ते असे रंगवले की शहरातून फिरल्यासारखं वाटावं. या हॉटेलला सरकारनं शेजारची जमीन संपादन करून दिली, आणि १९८३ च्या करारात अट घातली की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट मोकळी राहिली पाहिजे. पुढं हॉटेलचं वाढीव बांधकाम त्या वाटेवर आलं. गावकरी आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००० साली ते बांधकाम पाडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००९ मध्ये तोच निकाल कायम केला. किनारा ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, असं त्याचं सार. हे तत्त्व याच न्यायालयानं १९९६ साली हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टच्या खटल्यात मांडलं होतं. त्यांनी तर हॉटेल वाचवायला नदीचा प्रवाहच वळवायला घेतला होता.

पुढं काय झालं? २००९ सालीच गोवा सरकारनं वटहुकूम काढून जमीन संपादनाच्या कायद्यातच बदल केला, निकालातून वाट काढायला. लोकांची वाट मात्र कोर्टकचेरीत अडकली. भिंतीवर शहर रंगवलेलं आणि शहरातल्या माणसाला समुद्रावर जायला वाट नाही. कोरिया फार मोठे वास्तुकार, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण इमारत कितीही सुंदर असली, तरी तिनं वाट अडवली की नाही हा प्रश्न परीक्षणात आला पाहिजे.

कायदा नाही असं नाही. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर बांधकाम नको. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर मोकळे ठेवायचे ठरले. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते ५० मीटरवर आले. अंतर कमी कमी होत गेलं, आणि समुद्र तर पुढं सरकतो आहे.

आता कुणी म्हणेल, मग तुमचं म्हणणं काय, जाऊच नये? कोकणात घरगुती राहावं? थांबा. तेही मी करून पाहिलंय. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला; मालवण-तारकर्लीकडं लोकांनी आपल्या घरात खोल्या काढल्या, पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली. आम्ही दहा वर्षांपूर्वी तिकडं तीन दिवस राहिलो. पैसा थेट घरात जातो, गाव दिसतं, भाषा ऐकू येते, सोलकढी खरी असते. या चारही बाबतीत तो मुक्काम रिसॉर्टला हरवतो. पण एक गोष्ट बोलायची राहते. पहाटे पाचला त्या घरची बाई उठली. आमच्या घरच्यांनी भांड्यांचा आवाज ऐकला आणि त्याही उठल्या. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून घावन घालत होत्या. तिसऱ्या दिवशी हिनं त्या बाईला मसाल्याची कृती लिहून दिली. आनंदात होती, मैत्रीण मिळाली. पण विश्रांती? एका मिनिटाची नाही.

इथं मला माझा मुद्दा सापडला. त्या घरी हिला आराम मिळाला नाही, कारण काम दिसत होतं. रिसॉर्टमध्ये मिळाला, कारण काम लपवलेलं होतं. म्हणजे रिसॉर्टचं बळ आणि त्याचं वैगुण्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कष्ट, पाणी, गाव नजरेआड केल्यावरच तो आराम तयार होतो. म्हणून तो खरा असूनही टिकत नाही. दाराबाहेर पडलं की सगळं परत दिसायला लागतं.

म्हणून माझा अभिप्राय असा. लेकरांनी नेलं तर जा. विशेषतः घरातल्या बाईला न्या, तिला ती झोप मिळू द्या. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण खोली ठरवताना समुद्र दिसतो का एवढंच विचारू नका. गावाची किनाऱ्यावर जायची वाट उघडी आहे का, विचारा. पाणी कुठून येतं, विचारा. एक दिवस फाटकाबाहेर पडून गावात जेवा. आणि ज्यानं तुमची खोली झाडली त्याला त्याचं गाव विचारा. एवढ्यानं व्यवस्था बदलणार नाही, मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक विचारायला लागलं की उत्तर तयार ठेवावं लागतं.

शेवटचा गुण वजा करतो तो माझा. चार दिवस अनोळखी माणसांनी पैसे घेऊन जे केलं, ते मला अडतीस वर्षांत घरात करता आलं असतं. त्याला समुद्र लागत नव्हता. 

(प्रश्नोत्तरांतून)

एक श्रोता: गुरुजी, आपल्या भागातली पोरं हॉटेलच्या शिक्षणाला जात आहेत. तुम्ही त्यांना नाउमेद करताय का?

वक्ते: अजिबात नाही. उसाच्या फडापेक्षा बारा महिन्यांचा पगार चांगला. उचल नाही, मुकादम नाही. माझं मागणं एवढंच की, त्याला राहायला नीट खोली असावी, सुट्टी असावी, आणि पाहुण्याशी चार शब्द बोलला म्हणून भ्यायची पाळी येऊ नये.

एक श्रोत्या: सर, अभिप्राय पटला. पण आता तुमच्या घरी सकाळचा चहा कोण करतं?

वक्ते: (हशा) मी करतो. सहाला. तिला आवडत नाही, साखर जास्त पडते म्हणते. पण पडून राहते. भांडी अजून तीच घासते, ते खोटं सांगणार नाही. ती समोरच बसली आहे.